स्विचच्या पोटातलं जाळं कसं निवडायचं
नेटवर्क स्विच म्हणजे एका पोर्टवर (तार जोडायची जागा) आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हव्या त्या पोर्टवर पोचवणारं यंत्र; त्यासाठी आत एक जाळं लागतं. आधी पोर्ट मोजा. ८ असतील तर सरळ क्रॉसबार घ्या, म्हणजे प्रत्येक इनपुटची तार प्रत्येक आउटपुटच्या तारेला छेदते, ६४ क्रॉसपॉइंट (छेदाच्या जागा), काही बिघडत नाही. पण १०२४ पोर्ट झाले की तोच आकडा दहा लाखांवर जातो, मग बनियन जाळं बघा (हो, नाव आपल्या वडाचंच), ८ पोर्टना २×२ चे (दोन इनपुट, दोन आउटपुट) फक्त १२ छोटे स्विच, ३ टप्प्यांत. पॅकेटला ५ नंबरला जायचंय, म्हणजे बायनरीत १०१, तर दर टप्प्याला एक आकडा बघायचा, १ ला खाली, ० ला वर, परत १ ला खाली की पोचलं, कुणाला विचारायला नको. गोची एवढीच की वेगवेगळ्या पोर्टला निघालेली पॅकेटंही मधेच एका तारेवर भांडतात, म्हणून बनियनच्या आधी बॅचर सॉर्टर (पॅकेटं पोर्टच्या नंबरानुसार क्रमाने लावणारं जाळं) लावतात. आणि इनपुटला एकच रांग ठेवू नका हां, पुढचं अडलं की मागचे सगळे ताटकळतात, प्रत्येक आउटपुटची वेगळी रांग करा.