छोटी गाडी घेताना टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

वॅगनआरच्या एक लिटर मॅन्युअल मॉडेलचा कागदावरचा ॲव्हरेज लिटरला २४.३५ किलोमीटर आहे. आकडा खोटा नाही, पण तो रस्त्यावर मोजलेला नाही. गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाने चालवतात आणि पेट्रोल मोजतात. आपल्या वाटेवर सिग्नल असतात, खड्डे असतात, एसी चालू असतो. गर्दीच्या शहरात १५ ते १८ मिळाले तरी अशी गाडी चांगली चालली म्हणायचं. दोन गाड्यांत एखाद्या किलोमीटरचा फरक असेल तर त्यावर अडून बसू नका. महिन्याला १००० किलोमीटर होत असतील तर १६ च्या जागी १७ मिळून वाचतं पावणेचार लिटर पेट्रोल.

त्यापेक्षा टेस्ट ड्राइव्हला वेळ द्या. शोरूमजवळच्या मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांत काहीच कळत नाही. घरची माणसं बरोबर न्या, गाडी भरा, एसी लावा आणि रोजच्या वाटेवरचा चढ गाठा. वॅगनआरचं हे तीन सिलिंडरचं ९९८ सीसी इंजिन ८९ न्यूटन मीटर जोर देतं, तोही ३५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३५०० फेरे फिरतं तेव्हा. त्यामुळे भरल्या गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने चढ घेतला तर ती धडधडणार, दुसरा टाकावाच लागणार. तेवढं चालेल. पण दरवेळी पहिल्यावर यावं लागत असेल, तर त्या वाटेसाठी मोठ्या इंजिनाचीच गाडी बघा.

एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी घेणार असाल तर त्याच चढावर थांबून ब्रेक सोडा. हिल होल्ड असेल तर गाडी दोनेक सेकंद जागेवर राहते, नसेल तर मागे सरकू शकते. एएमटीतही क्लच प्लेट असतेच, फक्त ती दाबायचं काम मशीन करतं. चढावर एक्सलरेटरने गाडी तोलून धरली की प्लेट घासते, तापते, जळका वास येतो. थांबताना पाय ब्रेकवरच हवा.

सिग्नलला उभे असाल तेव्हा आतल्या आरशात बघा. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की तीन सिलिंडरचं इंजिन किंचित थरथरतं. आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येईनाशी झाली, तर रोज तासभर ट्रॅफिकमध्ये ते झेपेल का, याचा विचार करा. आई-वडिलांना मागच्या सीटवर दोनदा चढ-उतार करायला लावा. गुडघेदुखी असलेल्यांना उंच सीट फार सोयीची पडते.

सीएनजीचा हिशोब किलोमीटरवर करा. जादा किंमत ९० हजार आणि बचत किलोमीटरला पावणेतीन रुपये धरली, तर पैसे सुटायला जवळपास ३३ हजार किलोमीटर लागतात. डिकीत टाकी किती जागा खाते, तेही उघडून बघा.

गाडी घरी आल्यावर खरा ॲव्हरेज पहिल्या सर्व्हिसिंगनंतर काढा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान ३०० किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर, त्याच नोझलने पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. कटनंतर 'राउंड फिगर' करायला अजून थोडं ओतून घेतलं की हिशोब चुकतो. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. हवा कमी असली की गाडी जड चालते आणि पेट्रोल जास्त पिते.