ग्रंथालयाची ई-साधने विद्यार्थ्यांना दिसावीत म्हणून: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

ग्रंथालयात रुजू झालं की ‘ई-साधनांचा प्रचार करा’ हे काम नव्या माणसाच्या गळ्यात हमखास पडतं. मग पोस्टर, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपचे संदेश सुरू होतात. हे सगळं महिनाभर मागे ठेवा. बरेचसे विद्यार्थी साधनापर्यंत, म्हणजे एखाद्या ई-पुस्तकापर्यंत किंवा लेखापर्यंत, पोचतात, पण तिथे पैसे मागणारं पान पाहून परत फिरतात. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ते येत नाहीत. आधी रस्ता, मग पाटी.

रस्ता तपासायचा तो ग्रंथालयातल्या संगणकावर नाही. संस्थेच्या नेटवर्कवर प्रकाशक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) ओळखतो आणि सगळं आपोआप उघडतं, त्यामुळे कर्मचाऱ्यांना बिघाड कधी दिसतच नाही. आपल्या मोबाइलचं वाय-फाय बंद करा, इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि एखाद्या विषयाच्या वाचनयादीतले पाच लेख गुगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधण्याची गुगलची सेवा) शोधून पूर्ण मजकुरापर्यंत जाऊन पाहा. कुठे अडलात ते लिहून ठेवा. ती तुमची पहिली कामाची यादी.

गुगल स्कॉलरचं नाव घेतलं ते मुद्दाम. विद्यार्थी तिथेच शोधतात, त्यांना ओपॅककडे (ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका) ओढत आणण्यापेक्षा आपण तिथे गेलेलं बरं. त्यासाठी ‘लायब्ररी लिंक्स’ची सोय आहे. ग्रंथालयाच्या बाजूने लिंक रिझॉल्व्हर (लेख आपल्या वर्गणीत कुठे मिळतो ते शोधून तिथे नेणारी व्यवस्था) चालवणाऱ्या सेवेत स्कॉलरची नोंदणी सुरू करायची. विद्यार्थ्याने सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’वर जाऊन संस्थेचं नाव शोधायचं, खूण करायची आणि सेव्ह करायचं. जास्तीत जास्त पाच ग्रंथालयं निवडता येतात. मग निकालाशेजारी आपल्या संस्थेची लिंक दिसू लागते. संस्थेच्या नेटवर्कवर ती न निवडताही दिसते, घरी मात्र ही पायरी केल्याशिवाय सहसा दिसत नाही. ओळख-कार्यक्रमात एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर ही शिकवा, आणि प्रत्येकाच्या फोनवर तिथल्या तिथे करून घ्या.

यात गोंधळ होतो तो वर्षांचा. वर्गणी २०१० पासूनच्या अंकांची आणि केबार्ट फाइलमध्ये (कुठलं नियतकालिक कोणत्या वर्षांचं मिळतं ते रिझॉल्व्हरला सांगणारी यादी) सुरुवात १९९५ अशी पडली, तर मधल्या पंधरा वर्षांच्या लेखांवरही लिंक उगवते आणि विद्यार्थी बंद दारावर आपटतो. ताजे अंक बारा महिने उशिरा मिळत असतील तर तेही फाइलमध्ये हवं. वर्गणीचं नूतनीकरण झालं की त्याच आठवड्यात या तारखा ताडून पाहा.

लिंक देताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलू नका. त्यात बऱ्याचदा सेशनचा क्रमांक असतो आणि तो काही वेळाने मरतो. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) किंवा प्रकाशकाने दिलेली पर्मालिंक (न बदलणारा पत्ता) घ्या, आणि घरून वापरण्यासाठी तिच्यापुढे प्रॉक्सीचा, म्हणजे घरच्या वाचकाला लॉगिननंतर संस्थेच्या नेटवर्कमार्फत नेणाऱ्या सर्व्हरचा, उपसर्ग लावा. ईझीप्रॉक्सीत (प्रॉक्सीचं एक सॉफ्टवेअर) लॉगिन होऊनही होस्टची त्रुटी आली, तर बहुधा प्रकाशकाने डोमेन बदललेलं असतं आणि आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये जुनंच असतं. नवा स्टँझा (त्या प्रकाशकासाठीच्या कॉन्फिगरेशनच्या ओळी) टाकून सेवा पुन्हा सुरू केली की काम होतं. ओपॅकच्या नोंदीत पत्ता ८५६ या, वेब-पत्त्यासाठीच्या क्षेत्राच्या ‘यू’ उपक्षेत्रात जातो. ‘वाय’ उपक्षेत्र रिकामं सोडू नका, तिथे ‘पूर्ण पुस्तक वाचा’ असं स्पष्ट लिहा. प्रॉक्सीचा उपसर्ग मात्र नोंदीनोंदीत चिकटवण्यापेक्षा, सोय असेल तर, दाखवताना आपोआप लागेल असं करा. नाहीतर प्रॉक्सीचा पत्ता बदलला की हजारो नोंदी दुरुस्त करण्याची वेळ येते.

आपल्याच संस्थेचे प्रबंध हा वेगळा विषय आहे. डीस्पेसमध्ये (संस्थेचं डिजिटल भांडार चालवणारं सॉफ्टवेअर) चढवले म्हणजे सापडले असं होत नाही. स्कॉलरला प्रत्येक प्रबंधाचं स्वतंत्र पान, शीर्षक, लेखक आणि तारखेचे मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, शोधयंत्रासाठीची माहिती), लॉगिनशिवाय दिसणारा सारांश आणि ५ एमबीपर्यंतची, मजकूर शोधता येईल अशी पीडीएफ लागते. नुसत्या स्कॅन प्रतिमा चालत नाहीत. रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठे यायचं नाही ते सांगणारी फाइल) कुणीतरी जुन्या काळी घातलेली बंदीही बघून घ्या. मराठी प्रबंधांत आणखी एक खोच आहे: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पीडीएफ डोळ्यांना उत्तम दिसते. तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर शोधयंत्रालाही तीच खिचडी दिसते. अशा फाइलचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. ते लगेच जमणार नसेल तर निदान शीर्षक, सारांश आणि विषयशब्द नोंदीत युनिकोडमध्ये टाइप करा. शीर्षकाचं रोमन रूपही द्या, कारण पुष्कळ जण मराठी पुस्तक इंग्रजी कळफलकावरच शोधतात.

संकेतस्थळाबद्दल थोडक्यात: मेनूमध्ये विक्रेत्यांची नावं नकोत. ‘जुन्या प्रश्नपत्रिका’, ‘लेख शोधा’, ‘घरून लॉगिन’ एवढं पुरतं. यापेक्षा मोठा फरक मूडलमध्ये (शिक्षक अभ्याससाहित्य ठेवतात ती ऑनलाइन वर्गप्रणाली) पडतो. शिक्षकांना ‘आमची साधनं वापरा’ असं सांगून काही होत नाही. त्यांच्या पुढच्या आठवड्याच्या घटकाला लागणारे तीन लेख, चालणाऱ्या लिंकसह, चिकटवायला तयार असे पाठवा. वीस पाठवलेत तर एकही लागणार नाही.

उपयोग मोजताना संकेतस्थळाच्या हिट्सवर जाऊ नका. काउंटर अहवालात (प्रकाशक ठरलेल्या मापाने देतात तो वापराचा अहवाल) ‘युनिक आयटम रिक्वेस्ट्स’ बघा, आणि ‘नो लायसन्स’चा आकडाही बघा: विद्यार्थ्यांनी मागितलं पण आपल्याकडे नव्हतं, ते तिथे कळतं. ओपॅकवर शून्य निकाल आलेले शोध महिन्यातून एकदा वाचा. चुकीचं शुद्धलेखन, रोमन शोध, अभ्यासक्रमातलं न घेतलेलं पुस्तक, सगळं त्यात सापडतं.

लिंक तपासणारी सॉफ्टवेअर वापरा, पण त्यांच्यावर विसंबू नका. पैसे मागणारं पानही सर्व्हरच्या लेखी व्यवस्थित उघडलेलंच पान असतं, त्याला तो २०० हाच (‘ठीक आहे’ असा) संकेत देतो आणि अहवालात सगळं ठीक दिसतं. म्हणून महिन्याला वीसेक लिंका हातानेच उघडा. शिवाय प्रत्येक लिंकजवळ ‘उघडत नाही, कळवा’ असं बटण ठेवा, जे त्या पानाचा पत्ता आपोआप सोबत पाठवील. नुसतं ‘लिंक चालत नाही’ एवढाच ईमेल आला, तर कुठली लिंक हे विचारण्यातच दोन दिवस जातात आणि तोवर विद्यार्थ्याचा निबंध जमा झालेला असतो.