उंदराला आधी साधी कणी, औषध नंतर

मुंबईत गोराई-मनोरीच्या खाचरांत, आरेच्या पाड्यांवर भात पोटरीत (लोंबी अजून पानाच्या आवरणात) यायला लागलंय, गणपती गेले की निसवेल, म्हणजे लोंबी बाहेर येईल. एकदा दाणा भरला की उंदीर तुमच्या आमिषाकडे फिरकणार पण नाही, समोर ताजं भात उभं असताना कशाला फिरकेल, म्हणून हे काम आजच धरा.

दरवर्षी तेच बघतोय. घरातली कुबट, जाळी धरलेली कणी घ्यायची, त्यात झिंक फॉस्फाईड या उंदराच्या विषाची काळी पावडर कालवायची आणि पहिल्याच संध्याकाळी टाकून मोकळं व्हायचं. उंदीर नवीन खाणं आधी जरासंच चाखतो, तेवढ्याने मरत नाही पण त्रास होतो आणि तो ते विसरत नाही, पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. मग आपण म्हणतो औषध डुप्लिकेट निघालं, दुकानदार त्याहून महाग पाकीट काढून देतो आणि बांधालगतचे फुटवे कापून पडतच राहतात. औषध बहुतेक वेळा ठीकच असतं हो, खाऊ घालायची पद्धत चुकते.

संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. त्यात २-३ दिवस नुसती कणी, किलोला २० ग्रॅम गोडं तेल चोळून. औषध अजिबात नाही! कणी संपत असेल तरच पुढे जा.

विषारी आमिष, १ किलो:
- ताजी कोरडी कणी ९६० ग्रॅम
- तेच तेल २० ग्रॅम
- झिंक फॉस्फाईड २० ग्रॅम
- हातमोजे घालून काठीने कालवा
- चालू बिळात १० ग्रॅमची कागदी पुडी आत ढकला, बीळ बुजवा

पावडर वाढवू नका, जास्त झाली की उंदीर आमिष नीट खात नाही. तेल मधेच बदललं तरी त्याला कळतं असं मला वाटतं, आणि चांदण्यापेक्षा अंधाऱ्या रात्री आमिष जास्त उचललं जातं हाही माझा अंदाज.

पाऊस लागून असेल तर थांबा, भिजलेली कणी बुरशी धरते, वाया जाते. ८-१० दिवसांनी पुन्हा उकरलेल्या बिळांत झिंक फॉस्फाईड नको, तिथे ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाची मेणाची वडी टाका, ती ओलीत टिकते आणि उंदीर काही दिवसांनी मरतो त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. वेगळ्या फ्लेवरची रंगीत पाकिटं गळ्यात मारतील, घेऊ नका.

मेलेले उंदीर पुरा, उघड्या हाताने उचलू नका, पावसात लेप्टोचं (उंदरांपासून होणाऱ्या तापाचं) भय आहेच. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही, पोरं-कुत्री बांधापासून लांब ठेवा, कोणाच्या पोटात गेलंच तर पाकीट सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.