नाक सांभाळा, नाक बघा: पर्वतीय गोरिलांना भेटायला जाताना

बडोद्याहून युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात जायचं तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, तिचं कार्ड जपून ठेवा. गोरिलांचा परवाना वेगळा काढावा लागतो. एका कुटुंबापाशी दिवसाला आठच पाहुणे सोडतात, म्हणून परवाना हातात आल्यावरच विमानाची तिकिटं काढा. १५ वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत.

आता महत्त्वाचं. आपला आणि गोरिलांचा जनुकसंच सुमारे ९८ टक्के जुळतो. म्हणूनच आपली सर्दी त्यांना लागते, आणि आपलं जिथे नुसतं नाक गळतं तिथे त्यांचा जीव जाऊ शकतो. २०१९ साली जाहीर झालेल्या गणनेत ब्विंडीचं जंगल आणि विरुंगा पर्वतरांग मिळून पर्वतीय गोरिला १०६३ होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या गल्लीत याहून जास्त माणसं राहतात. तेव्हा निघण्याआधीचा आठवडा लग्नकार्यं, गर्दी टाळा. मास्क लावा आणि दहा मीटरांच्या आत जाऊ नका. शिंक आली, घसा खवखवला, तर सरळ सांगून टाका.

आमच्या वहिनींना आदल्या रात्री शिंका सुरू झाल्या. गोळी घेऊन जाता आलं असतं. त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही जा. घरात बाळंतीण असती तर सर्दी घेऊन मी तिच्या खोलीत गेले असते का?" वर्षभर पैसे साठवले होते त्यांनी.

चालण्याचा सराव आम्ही पावागडावर केला. दोन महिने, दर रविवारी, रोपवे न घेता. दम वाढतो, पण ब्विंडीत पायऱ्या नाहीत. ओला चिखल आणि वेली. काठी घ्या, सामानाला तिथलाच हमाल करा. बागकामाचे जाड हातमोजे लागतातच, कारण आधाराला धरलेलं झुडूप खाजरं निघतं. मुंग्या चढू नयेत म्हणून पँट मोज्यांत खोचा.

गोरिलांपाशी मिळतो एकच तास. पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी नाकं बघा. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. अभ्यासक त्यांची चित्रं काढून गोरिला ओळखतात. छोटी वही, पेन्सिल न्या आणि तुम्हीही काढा. हात चालला की नजर थांबते.

मग हात बघा. माझ्यासमोर एक आई मांडीवर पिल्लू घेऊन बसली होती. दोन बोटांनी केस बाजूला करायची, वाकून बघायची, काहीतरी चिमटीत धरून तोंडात टाकायची. नखं चपटी, काळी. पिल्लू सुटायला बघायचं, ती पाय धरून परत ओढायची. माझी आजी वेणी घालताना मला अशीच गुडघ्यांत दाबून धरायची. ही पिल्लं तीन-चार वर्षं अंगावर पितात.

कानही उघडे ठेवा. पोट भरल्यावर घशातून खोल घुरघुर येते, ती समाधानाची. वाटाड्याही तसाच आवाज काढून "आम्ही आलोय" असं कळवतो. तुम्ही मात्र गप्प राहा. मोठ्या नराची पाठ बाराव्या वर्षाच्या सुमारास रुपेरी होते. तो छाती बडवतो ती मुठींनी नाही, ओंजळीसारख्या तळव्यांनी. अंगावर धावून आला तर पळू नका. खाली बसा, नजर जमिनीकडे ठेवा, वाटाड्या सांगेल तेवढंच करा.

परत आल्यावर मी वही दाराच्या फटीतून वहिनींकडे सरकवली. चार नाकं काढली होती. आतून विचारलं त्यांनी, "आणि बाळाचं?"

बाळाचं राहिलं होतं. ते क्षणभर स्थिर बसेल तर ना.