१ जीबीपीएसची लिंक, पण आलेख ११४ एमबीपीएसच्या वर जात नाही

लक्षण: लिंक भरलेली, पण दर ५ मिनिटांनी एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांतले आकडे वाचण्याची पद्धत) काढलेला आलेख ११४ एमबीपीएसच्या आतच वरखाली नाचतो.

पॅच कॉर्ड (जोडणीची केबल) बदलली, डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी डेटा जाण्याची सेटिंग) तपासला, व्यर्थ. पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने आकडे वाचणं, १ मिनिटावर आणलं तर मर्यादा ५७२ वर सरकली. दोन दिवस डोकं फिरलं, पण धागा इथेच मिळाला.

आलेले बाइट मोजणारा जुना इफ-इन-ऑक्टेट्स काउंटर ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १ जीबीपीएसला जेमतेम ३४ सेकंदांत. ५ मिनिटांत तो कितीदा फिरला, हे सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नाही.

उपाय म्हणजे ६४ बिटांचा काउंटर वाचणं. त्यासाठी आधी एसएनएमपीची व्ही२सी आवृत्ती लावा. व्ही१ मध्ये ६४ बिटांचा काउंटर मिळत नाही. मग ओआयडी (कोणता काउंटर वाचायचा ते सांगणारा क्रमांक) बदला: येणाऱ्या डेटासाठी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, जाणाऱ्यासाठी शेवटी ६ ऐवजी १०, त्यापुढे इंटरफेसचा क्रमांक. एमबीपीएस काढायला: दोन नोंदींतला फरक गुणिले ८ (बाइटचे बिट), भागिले सेकंद, भागिले १०,००,०००. इथे १०,४८,५७६ ने भागू नका, १००० एमबीपीएसचे ९५३.७ दिसतात, लिंकचा वेग दशमान पद्धतीनेच मोजतात.

आमची नोंद: ३०० सेकंदांत २,२५० कोटी बाइट, म्हणजे ६०० एमबीपीएस. जुना काउंटर तेवढ्यात पाच फेऱ्या मारून २७.३ दाखवत होता.

जुन्या आलेखाची फाइल नव्याने बनवा. तिच्यात कमाल मर्यादा १०० एमबीपीएस ठेवलेली असेल तर खरे आकडेही गाळले जातात.