नागपुरी उन्हात फोटो काढताना

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठनंतर कॅमेरा बॅगेत ठेवा, असं मी नवशिक्यांना सांगतो. ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, कपाळ पांढरंफटक होतं. फोटो काढायचाच असेल तर माणसाला सावलीत घ्या. कडुनिंब चालेल, पण चेहऱ्यावर कवडसे नकोत.

दीक्षाभूमीचा स्तूप हा वेगळाच धडा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं, म्हणून फ्रेमभर पांढरा घुमट घेतला की तो मळकट येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ किंवा +१ करा. मोबाइलवर घुमटावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह जरा वर सरकवा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटला तर मात्र मागे या. पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातला तपशील नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. गल्ल्या अरुंद, गर्दी तुफान. लांब लेन्स घरीच राहू द्या, २४ किंवा ३५ मिमी पुरे. शटर १/५०० सेकंदावर ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. काळी मारबत, म्हणजे काळा पुतळा, फ्रेमभर घेतली तर एक्स्पोजर उलट कमी करावं लागतं. आणि पुतळ्यांइतकेच ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडणारे चेहरेही टिपा, खरा जीव तिथेच आहे.

फुटाळा तलावावर सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. वीसेक मिनिटं थांबा, ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० वर आणा.