रुंद टायर की मोठी चाकं? बडोद्यातल्या गाडीसाठी हिशोब

छोट्या गाडीचं खालचं मॉडेल घेतलं की पहिले टायर झिजेपर्यंत एक प्रश्न येतोच: कंपनीचे अरुंद टायर काढून त्याच रिमवर जरा रुंद घालावेत, की एकदाच अलॉयसकट (मिश्रधातूच्या रिमसकट) मोठी चाकं बसवावीत? दुकानात बहुधा दुसरा सल्ला मिळतो, कारण बिल मोठं होतं. बडोद्याच्या वापरासाठी पैसे आधी रबरात घाला. रिमचं नंतर बघा, आणि तेही एका इंचापुरतं.

उदाहरणाला स्विफ्ट घेऊ. खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. चाकाची पूर्ण उंची काढायची तर रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक बाजूच्या उंचीची दुप्पट. १६५/८० आर१४ चे होतात ६१९.६ मिमी, १८५/६५ आर१५ चे ६२१.५. फरक पाव-अर्धा टक्का, म्हणून कंपनी दोन्ही देऊ शकते. १९५/५५ आर१६ ची उंची ६२०.९, म्हणजे कागदावर तोही बसतो. १९५/६५ आर१५ मात्र ६३४.५ होतो, जवळजवळ अडीच टक्के जास्त: स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवण्याकडे झुकतो, पिकअप मंदावतो, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर आतलं प्लास्टिक घासण्याची शक्यता वाढते. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. तीनच्या पुढे जाऊच नका.

पूर्ण उंची तीच ठेवून रिम मोठी केली की कापली जाते ती बाजूची भिंत. मूळ टायरला ती १३२ मिमी असते, पंधरा इंचीला १२०, सोळा इंचीला १०७. सतरा इंची रिमवर २०५/४५ घातला तर ९२ मिमी उरते. खड्ड्याचा मार झेलते ती हीच भिंत. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, किंवा वाघोडिया रोडच्या कडेला पाणी साचलं की खड्डा किती खोल ते दिसत नाही. उंच भिंतीचा टायर तिथे दबून परत येतो. बुटक्या भिंतीचा टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. तो फुगा कुणी दुरुस्त करून देतो म्हणालं तर ऐकू नका, टायर गेला म्हणायचं. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला तर वेल्डिंग करून ती पुन्हा रस्त्यावर आणू नये.

आता पहिला मार्ग: रिम तीच, टायर नवा. रिमच्या आतल्या बाजूला '१४ x ५जे' असं काहीतरी कोरलेलं असतं, तो पाच म्हणजे रिमची रुंदी इंचात. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीच्याच रिम चालतात. पाच इंची रिमवर १८५/७० आर१४ बसतो, पूर्ण उंची ६१४.६, मूळपेक्षा पाऊण टक्का कमी. त्याहून रुंद घातला तर टायर फुग्यासारखा गोल बसतो, मधला पट्टा आधी झिजतो आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. म्हणजे रुंदीचे पैसे मोजले आणि पकड उलट घटली.

वीस मिमी जास्त रुंदीने ब्रेक चांगला लागतो, वळणावर गाडी बसते. बदल्यात मायलेज थोडं उतरतं आणि उभ्या गाडीत स्टीअरिंग जड होतं. अजून एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, खोबणीतल्या उंचवट्यांवरून ती कळते. पण रुंद टायर घातले असतील तर जूनच्या आधी खोली मोजा आणि तीन मिमीच्या खाली असतील तर बदला.

खरं तर बऱ्याच गाड्यांना आकार वाढवायची गरजच नसते. कंपनीतून येणारा टायर मायलेज आणि किंमत बघून निवडलेला असतो. त्याच मापाचा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असणारा टायर घेतला तर रुंदीवाल्यांना हवा असतो तो बराचसा फायदा हाती येतो, आणि कायदा, विमा, स्टेपनी कशाचीच कटकट राहत नाही.

मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षर सोडू नका. १६५/८० आर१४ वर सहसा ८५टी असतं: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. ८८ म्हणजे ५६० किलो, एच म्हणजे २१०. एवढ्या वेगाने कुणी जाणार नाही, पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं. मे महिन्यात भर दुपारी पाच माणसं आणि सामान घेऊन अहमदाबादचा ९३ किलोमीटरचा एक्सप्रेसवे धरायचा तर ते महत्त्वाचं. दोन्ही मूळपेक्षा कमी नकोत. २०५/४५ आर१७ चा साधा टायर ८४ चा, म्हणजे ५०० किलोचा मिळतो. दिसायला दांडगा, वजन झेलायला मूळच्यापेक्षा दुबळा. त्यात एक्सएल (जादा वजन पेलणारा) लिहिलेला ८८ चा घेतला तर चालतो, मात्र तेवढं वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते.

टायर हातात घेतल्यावर बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नवीन भावाने घेऊ नका. आयएसआय खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक असायला हवा. चारही एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे घ्या. मूळ मापातलेच दोन बदलत असाल तर नवे मागे लावा, इंजिन पुढची चाकं फिरवत असलं तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि सावरता येते, मागचे घसरले तर गाडी फिरते.

दुसरा मार्ग: चाकंच मोठी. सर्वांत कमी डोकेदुखीचा पर्याय म्हणजे त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलच्या कंपनीच्या अलॉय. स्विफ्टला पंधरा इंची. बाहेरच्या अलॉय घ्यायच्या तर चार गोष्टी जुळायला हव्यात. नटांच्या वर्तुळाचं माप, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात: स्विफ्टला ४x१००, क्रेटाला ५x११४.३. मधल्या भोकाचं माप: स्विफ्टला ५४.१ मिमी. बाहेरच्या अलॉय अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात. मधे अचूक मापाची रिंग लागतेच, नाहीतर चाक केंद्रात बसत नाही आणि ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरतं. लोक मग दहा वेळा बॅलन्सिंग करून घेतात.

तिसरी गोष्ट ऑफसेट: रिमच्या रुंदीच्या मध्यापासून ती गाडीला टेकते ती बाजू किती मिमी बाहेर आहे ते. रिमवर 'ईटी' लिहून पुढे आकडा असतो. इथेच बहुतेक चुका होतात. रिम पाचवरून सहा इंच रुंद केली आणि ईटी तोच ठेवला तर दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढतं. ईटी ४० चा ३५ झाला तर बाहेरच्या बाजूला १७.७ आणि आत ७.७. बाहेरून चाक कमानीला घासतं, शिवाय बेअरिंगवर ताण वाढतो. आत वाढलं तर शॉकॲब्सॉर्बरला लागतं. मूळ ईटीपासून पाच मिमीच्या पुढे जाऊ नका. चौथी गोष्ट नट. मारुतीचा आटा १२x१.२५, ह्युंदाईचा १२x१.५. सारखे दिसतात, पण चुकीचा नट बळजबरीने फिरवला की बोल्टचे आटे जातात. नटाचा उतारही अलॉयच्या भोकाला जुळला पाहिजे.

अलॉय हलक्या असतात हा समज वजनकाट्यावर टिकेलच असं नाही. सोळा इंची स्वस्त ओतीव अलॉय चौदा इंची लोखंडी रिमपेक्षा जड निघू शकते. घेण्याआधी दोन्ही वजन करून बघा. जड चाक म्हणजे सुस्त पिकअप आणि आदळणारं सस्पेन्शन. वापरलेल्या अलॉय घेत असाल तर टायर चढवण्याआधी बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामी रिम फिरवायला लावा, कड डोलते का ते लगेच दिसतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा ठाम केला. त्या गाडीच्या एखाद्या मॉडेलला कंपनी जे माप देते त्यातच राहिलात तर वाद निघायची शक्यता कमी. विमा कंपनीला अलॉयबद्दल लेखी कळवा.

बसवताना घाई नको. चाक काढल्यावर हबवरचा (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर अलॉय तिरकी बसते. टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा घ्या. नट आधी हाताने पाच-सहा फेरे फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. हवेच्या गनने शेवटचा दाब देऊ देऊ नका. टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) मागा आणि गाडीच्या पुस्तिकेतला आकडा लावा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळा. अलॉयला बॅलन्सिंगची आतून चिकटणारी वजनं लावायला सांगा, कडेला ठोकायची नकोत. त्यानंतर अलाइनमेंट. मग पाच जण बसवून, स्टीअरिंग एका टोकाला वळवून सोसायटीच्या गतिरोधकावरून सावकाश जा. खरखर ऐकू आली तर कमानीच्या आत चकाकलेली रेघ सापडेल.

हवा ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीप्रमाणे, थंड टायरमध्ये. पट्टीवर नव्या मापाचा आकडा असेल तर तोच घ्या. तापमान सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो, त्यामुळे बडोद्याच्या मे महिन्यात आणंदजवळ थांबून मोजली तर चार-पाच जास्तच दिसेल. ती काढू नका, नाहीतर पहाटे टायर मऊ असतील. नायट्रोजनचे वेगळे पैसे देणं ऐच्छिक. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

स्टेपनी बहुतेक जण विसरतात. चौदा इंची लोखंडी स्टेपनी पंधरा इंची अलॉयच्या जोडीला तात्पुरती चालते, कारण पूर्ण उंची जवळजवळ सारखी. पण अलॉयचे नट लोखंडी रिमला बसतीलच असं नाही. जुने चार नट कापडात गुंडाळून जॅकशेजारी ठेवा, आणि एकदा घरासमोर ती स्टेपनी प्रत्यक्ष लावून बघा.